विल्फची निळ्या दरवाजाची खानावळ

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा विल्फ एकहर्स्ट बावीस वर्षांत काही हजार वेळा तरी फ्रान्सला जाऊन आला होता. इंग्लंडातल्या न्यूहेवनहून सुटून फ्रान्सच्या दिएप बंदराला लागणाऱ्या, मोटारी वाहून नेणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. नारिंगी जाकीट घालून बोटीच्या पोटात उभं राहायचं आणि आत येणारी प्रत्येक गाडी हातवारे करकरून पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटवायची, हे त्याचं काम. त्याने लावलेल्या दोन गाड्यांमधून जायचं तर माणसाला श्वास रोखून धरावा लागे. या कामात त्याचा हात धरणारा साऱ्या बंदरात नव्हता.

दिएपला बोट लागली की दोन तासांत ती रिकामी करून पुन्हा भरायची. त्यातून कधी पाच मिनिटं मिळालीच, तर विल्फ धक्क्याच्या फाटकासमोरच्या तंबाखूच्या दुकानात जाऊन परत यायचा. त्या दुकानापलीकडे एक लोखंडी पूल होता. पुलापलीकडे विल्फने कधीच पाऊल टाकलं नव्हतं. पण ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही आणि आम्हीही कधी विचारली नाही. जो माणूस आठवड्यातून चारदा फ्रान्सला जातो त्याला ‘तू फ्रान्स पाहिलास का?’ असं कोण विचारणार?

सुरुवात माझ्या आईमुळे झाली. आमची आई, मिसेस टपेन, थोरल्या लेकीकडे, बेरिलकडेच राहायची. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी विल्फ तिला ‘मिसेस टपेन’च म्हणायचा आणि ती त्याला ‘विल्फ्रेड’. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, “विल्फ्रेड, बंदरातली नोकरी म्हणजे शेवटी हमालीच की रे. आमच्या बेरिलसाठी बँकेतला एक मुलगा सांगून आला होता.”

विल्फने समोरची भाजलेली कोंबडी काट्याने जराशी उलटून पाहिली आणि म्हणाला, “फ्रान्समध्ये हिला कोंबडी म्हणणार नाहीत, मिसेस टपेन.”

मग बेरिलने विचारलं, “मग तिथे कशी करतात?”

आणि विल्फने सांगितलं. सफरचंदाच्या दारूत शिजवलेली, वर साय घातलेली कोंबडी. नदीकाठची खानावळ. निळा दरवाजा. भल्यामोठ्या मिशांचा मालक, जो विल्फला पाहताच दोन्ही गालांचे मुके घेतो. आईने विचारलं, “नाव काय त्या खानावळीचं?” विल्फ म्हणाला, “नाव नाही तिला. पाटीही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनाच माहीत आहे.” हे सगळं त्याला गळ्यात रेशमी रुमाल बांधलेल्या एका प्रवाशाने गाडीच्या खिडकीतून ऐकवलं होतं, बोटीचा दरवाजा उघडायची वाट बघत असताना.

त्या दिवसापासून घरात विल्फचं वजन वाढलं. पुढे पुढे तर आमच्या गल्लीत कुणाला चीज घ्यायचं असलं, वाइन घ्यायची असली, की लोक त्याला विचारायला यायचे. तो विचार करून उत्तर द्यायचा. प्रवाशांच्या खिडक्यांमधून बावीस वर्षं ऐकलेलं त्याच्याकडे भरपूर साठलेलं होतं. त्या निळ्या दरवाजाच्या खानावळीत तर दर दोन-तीन महिन्यांनी नवा पदार्थ व्हायचा.

दरवर्षी कंपनी नोकरांना एक पास द्यायची. कुटुंब आणि गाडी, जाऊन-येऊन फुकट. दरवर्षी विल्फ घरी सांगायचा की यंदा पास मिळाला नाही. त्र्याऐंशी साली पासाचं पाकीट आलं तेव्हा तो बोटीवर होता आणि ते बेरिलने उघडलं. संध्याकाळी तो घरी आला तर बेरिलने शेजाऱ्यांचा तंबू मागून आणून पुढच्या खोलीत पसरलेला.

“दोन आठवडे,” ती म्हणाली. “सगळे जाऊ. आणि आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला तू मला त्या खानावळीत नेणार आहेस.”

“दूर आहे गं ती.”

“गाडी आहे ना आपल्याकडे!”

“पाय ठेवायला जागा नसते तिथे.”

“तुझ्या गालांचे मुके घेतात ते. तुला जागा देणार नाहीत?”

विल्फ तंबूवर बसला.

गाडीत पाच जण. पुढे विल्फ आणि बेरिल. मागे आई, विल्फची चौदा वर्षांची लेक ग्लेनिस, आणि दोघींच्या मधे मी, लेन टपेन, पोस्टमन. मला नेलं कारण शाळेत मी पाच वर्षं फ्रेंच घेतलं होतं आणि माझ्याकडे गॅसची शेगडी होती. मला वाटतं, शेगडीसाठीच नेलं. आईने स्वतःची उशी, स्वतःची घडीची खुर्ची आणि गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली होती. बेरिलने दोनशे चाळीस चहाच्या पुड्या, डब्यातलं मटण, कस्टर्डची पावडर आणि बारा गुंडाळ्या टॉयलेट पेपर. विल्फ म्हणाला, “फ्रान्समध्ये कागद मिळतो.” बेरिल म्हणाली, “मिळतो, पण कसला?” विल्फने बाराही गुंडाळ्या गाडीत भरल्या.

बोटीत गाडी चढवताना विल्फच्या दोस्तांनी सगळी हौस फेडून घेतली. बावीस वर्षं ज्याने सगळ्यांना ओरडून गाड्या लावायला लावल्या तो आज समोर होता. “अजून एक इंच, साहेब! छे छे, फार झालं. मागे घ्या. जरा चाकाकडे लक्ष देता का, साहेब?” चार वेळा पुढे, चार वेळा मागे. पाचव्यांदा विल्फ दार उघडून बाहेर आला आणि मागच्या तीन गाड्या स्वतःच लावायला लागला. बेरिलने त्याला कॉलरला धरून वर नेलं.

वर आम्हाला एक नवीनच गोष्ट समजली. विल्फला बोट लागते. खाली कामात असताना त्याला समुद्र कधी दिसलाच नव्हता. वर खिडकीशी बसून, हात मांडीवर ठेवून, काहीही न करता तो पहिल्यांदाच पाणी बघत होता. इंग्लंडच्या किनाऱ्याचे पांढरे कडे मागे पडायच्या आतच तो हिरवा झाला. समोर माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई दोन अंडी आणि ताटभर चिप्स खात होती.

“विल्फ्रेड,” ती म्हणाली, “तू हे खाणार नसशील तर इकडे दे.”

दिएपला उतरल्यावर मात्र त्याच्या अंगात जीव आला. फाटकासमोरचा तंबाखूवाला दारातच उभा होता. विल्फने हात वर केला, त्यानेही केला. “बघितलंस?” बेरिल माझ्याकडे वळून म्हणाली. “ओळखतात त्याला.” मग लोखंडी पूल आला. पूल ओलांडला. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते.

“डावीकडे की उजवीकडे?” बेरिलने विचारलं.

“सरळ,” विल्फ म्हणाला.

सरळ मासळीबाजार होता. दोन कोळिणी टोपल्या उचलून बाजूला झाल्या आणि त्यांनी जे शब्द वापरले ते मला शाळेत शिकवले नव्हते. “रस्ते बदललेत,” विल्फ कपाळ पुसत म्हणाला. “सारखे बदलतात इथले लोक.”

तेवढ्यात त्याला समोर एक इंग्लिश नंबराची गाडी दिसली, मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडलेली. “हा बघा, कॅम्पलाच चाललाय,” म्हणून विल्फ तिच्या मागे लागला. कॅरॅव्हॅन गावाबाहेर पडली, एका मोठ्या चौकातल्या गोलाभोवती फिरली, फिरतच राहिली. आम्हीही फिरलो. चौथ्या फेरीला ग्लेनिसने पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाली, “बाबा, ही गाय आपण पाहिलीय.” शेवटी कॅरॅव्हॅनवाला गवतावर थांबला, आम्हीही थांबलो. खाली उतरले ते न्यूहेवनजवळच्या लुइस गावचे कुणी मिस्टर हॉबडेन.

“तुम्ही बोटीवरचे ना?” त्यांनी हसत विचारलं. “मी आरशात तुम्हाला ओळखलं. म्हटलं, हे मागे आहेत तोवर काळजी नाही. चुकलो तर हॉर्न वाजवतील.”

कॅम्पचा रस्ता शेवटी मिसेस हॉबडेनने नकाशा उलटा धरलाय हे लक्षात आल्यावर सापडला.

कॅम्प म्हणजे एका शेताच्या कडेचं मोठं मैदान. त्याची मालकीण जाडजूड बाई होती आणि आम्ही आलो तेव्हा ती गवत कापायच्या यंत्रावर बसून मैदानात फिरत होती. तिला इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता. सगळे विल्फकडे बघायला लागले. हॉबडेन मंडळीसुद्धा.

आता विल्फला फ्रेंच येत होतं, नाही असं नाही. एकोणीस शब्द येत होते. ते सगळे गाड्या लावायचे होते आणि ओरडूनच म्हणायचे असतात अशी त्याची समजूत होती. त्याने छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात वर केले आणि फ्रेंचमध्ये गरजला, “इंजिन बंद करा!”

बाईने यंत्र बंद केलं.

“बाप रे,” ग्लेनिस पुटपुटली.

बाईने काहीतरी विचारलं. किती माणसं, किती दिवस, असंच असणार. विल्फ म्हणाला, “पुढे! अजून पुढे!” तिने मैदानाच्या टोकाकडे बोट दाखवलं, झाडाखालची छानशी जागा. विल्फ म्हणाला, “थांबा! ब्रेक लावा! सिगारेट ओढायला मनाई आहे!” बाईने तोंडातली सिगारेट काढून बुटाखाली विझवली आणि आमच्याकडे जरा आदरानेच पाहिलं.

बेरिलचा चेहरा असा काही फुलला होता. मला मात्र हसू दाबता दाबता खोकला आला. विल्फने माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवलं की आपल्यात फ्रेंच समजणारा एक माणूस आहे. पाच सेकंद आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी म्हणालो, “काय झकास बोलतोस रे, विल्फ.” त्याने माझी बॅग स्वतः उचलून तंबूत नेली.

पहिले तीन दिवस बरे गेले. आई आपल्या खुर्चीवर मालकिणीशेजारी बसून शेंगा सोलायची. ती इंग्लिशमध्ये बोलायची, मालकीण फ्रेंचमध्ये, आणि दोघींचं अगदी जमायचं. मग रविवार उजाडला. लग्नाचा वाढदिवस. बेरिल तंबूतून वाकून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर नवा निळा झगा होता. खानावळीच्या दरवाजाला शोभेल असा तिने मुद्दाम शिवून घेतला होता.

मुताऱ्यांमागे विल्फने मला गाठलं. “लेन,” तो म्हणाला, “अशी खानावळ नाहीये.”

“मला वाटलंच होतं.”

“म्हणजे असेल. पण कुठे ते मला ठाऊक नाही. मी असं करतो, दिसेल ती एक बरी खानावळ बघतो आणि सांगतो की मालक बदलला, दरवाजा बदलला.”

“आणि नदी?”

“नदीही बदलते की.”

आम्ही निघालो. विल्फ पंचवीसच्या वेगाने गाडी चालवत होता आणि प्रत्येक वळणावर, “आता ओळखीचं वाटतंय,” म्हणत होता. दोन खानावळी बंद होत्या. तिसरीसमोर तो गाडी हळू करणार, इतक्यात बेरिल किंचाळली.

“विल्फ! निळा दरवाजा!”

खरोखरच निळा दरवाजा होता. मागे नदीही होती, फूटभर पाण्याची. अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, पस्तीस-चाळीस माणसं, बाहेर दहा-बारा गाड्या. पाटी नव्हती.

“आज गर्दी आहे गं,” विल्फ घोगऱ्या आवाजात म्हणाला. “परत येऊ.”

“इतकी वर्षं थांबले मी,” असं म्हणून बेरिल गाडी नीट थांबायच्या आत उतरली सुद्धा.

आम्ही तिच्या मागोमाग फाटकातून आत गेलो. टेबलाच्या टोकाहून एक म्हातारा उठला. त्याला भल्यामोठ्या मिशा होत्या. तो हात पसरून पुढे आला, त्याने विल्फचे खांदे धरले आणि त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

बेरिलच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लेनिसने जन्मात पहिल्यांदा आपल्या बापाकडे माणसासारखं बघितलं. विल्फ मात्र पांढराफटक पडला होता. आपणच मांडलेलं खोटं असं मिशांसकट समोर येऊन उभं राहिलं तर माणसाने करावं तरी काय?

आम्हाला बसवलं. एकाने बाजूला सरकून आईला जागा दिली, तिच्या पाठीशी उशी दिली. आधी मुळे आणि लोणी आलं, मग मटणाची थंड वडी, मग मासा. बेरिल सगळ्यांकडे बघून राणीसारखी मान हलवत होती. “सेवा किती छान आहे नाही?” ती म्हणाली, आणि तिने बाजूने जाणाऱ्या घरधनिणीला चुटकी वाजवून आणखी एक नॅपकिन मागितला. बाईने आणून दिला.

माशानंतर मला टेबलाच्या मधोमध साखरेत घोळवलेल्या बदामांची परडी दिसली, आणि तिच्याशेजारी पाळणा. पाळण्यात लेस लावलेल्या पांढऱ्या झग्यातलं बाळ. पलीकडे गावचा पाद्री बसला होता. खानावळीत पाद्री असतो, पण तो भिंतीवरच्या फोटोतही असतो का? घराच्या उघड्या दारातून मला भिंतीवरचे फोटो दिसत होते, आणि खाटेवरची कुणाची तरी रात्रीची टोपीसुद्धा.

विल्फ माझ्या कानाशी आला. “लेन, ही खानावळ नाहीये ना?”

“नाही.”

“मग काय आहे?”

“बारसं. बाप्तिस्म्याचं जेवण.”

विल्फने बाळाकडे पाहिलं. “आता?”

“दोन्हीकडचे पाहुणे आहेत. नवऱ्याकडच्यांना वाटतंय आपण बायकोकडचे आणि बायकोकडच्यांना वाटतंय नवऱ्याकडचे.”

विल्फने क्षणभर विचार केला. “खात राहा,” तो म्हणाला.

आणि मग कोंबडी आली. सफरचंदाच्या दारूत शिजवलेली, वर साय. बेरिलने डोळे मिटले. पहिला घास खाऊन ती म्हणाली, “विल्फ, तू सांगितलं होतंस त्याच्यापेक्षा चांगली आहे.” तिने तीनदा मागून घेतली. मध्येच छोट्या पेल्यांतून एक पांढरी, जळजळीत दारू आली. आई कडक पंथाच्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला जाणारी. दारूला ती शिवत नाही. मिशाळ म्हाताऱ्याने पोटावर हात फिरवून दाखवला. “औषध आहे का?” आईने विचारलं आणि एका दमात पेला रिकामा केला. मग तिला आणखी एकदा पोटाची तक्रार आठवली.

चीज झालं, सफरचंदाचं गोड झालं. कुणीतरी बाळ उचलून विल्फच्या हातात दिलं आणि फोटो काढायला सगळे गोळा झाले. त्या घरच्या कपाटावर आजही तो फोटो आहे: मधोमध पांढऱ्या लेसमधलं बाळ आणि त्याला एखादा बाँब धरावा तसं धरून उभा असलेला विल्फ.

साडेचार वाजता बेरिलने घरधनिणीकडे बघून हवेत लिहिल्यासारखा हात हलवला. बिल आणा. बाईला आनंद झाला. ती आत गेली, कागद-पेन घेऊन आली, बेरिलशेजारी बसली आणि कोंबडीची कृती लिहायला लागली. पान भरलं तेव्हा तिने ते घडी करून बेरिलच्या हातात ठेवलं आणि तिचे मुके घेतले.

“हे काय?” बेरिलने विचारलं.

“मालक माझ्याकडून पैसे घेत नाही,” विल्फ म्हणाला.

इथे तो चुकला. गप्प बसला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सोमवारी सकाळी बेरिल हॉबडेन मंडळींच्या कॅरॅव्हॅनमधून आली ती म्हणाली, “मी त्यांनाही सांगितलंय. त्यांच्या ओळखीचं एक जोडपं आहे, तेही येतंय. सगळे नऊ जण. उद्या दुपारी. विल्फकडून ते काही घेत नाहीत म्हटल्यावर ते बिचारे किती खूश झाले!”

विल्फने तिला भांडी घासायच्या नळापाशी गाठलं. मी पलीकडच्या नळाला होतो. त्याने सगळं सांगितलं. पूल, तंबाखूचं दुकान, रेशमी रुमालवाला, सगळं. बेरिल हातात तळणीचा तवा धरून ऐकत होती. मग तिच्या गळ्यातून बारीक आवाज आला.

“म्हणजे मी परक्यांच्या बारशात घुसले?”

“तसं नाही गं—”

“आणि तीनदा कोंबडी मागितली?”

“चांगली होती ना पण.”

“विल्फ एकहर्स्ट! मी त्या बाईला चुटकी वाजवली! चुटकी!”

तवा नळाखालच्या दगडावर आपटला. तिथून पुढे दीड दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. “लेनी, त्याला सांग चहा झालाय.” “लेनी, त्याला सांग मोजे वाळलेत.” खोटं बोलल्याचं तिला तितकंसं लागलं नव्हतं, चुटकीचं लागलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती वीस वर्षं वाढायचं काम करत होती आणि चुटकी वाजवणारी माणसं तिला विषासारखी वाटायची.

आईला हे सगळं कळल्यावर तिने चष्मा काढून पुसला. “विल्फ्रेड,” ती म्हणाली, “सतरा वर्षांत तू मला पहिल्यांदा बरं जेवायला घेऊन गेलास. आता त्याची माफी मागून सगळं नासवू नकोस.”

पण बेरिलने ऐकलं नाही. मंगळवारी तिने हॉबडेन मंडळींना जेवण रद्द म्हणून कळवलं, घरून आणलेला सुक्या मेव्याचा केक डब्यासकट काढला, मला बरोबर घेतलं आणि विल्फला गाडी चालवायला लावली. निळ्या दरवाजासमोर गाडी थांबली. विल्फ काही उतरेना. “मी इथेच बरा,” तो म्हणाला आणि त्याने काच वर केली.

घरधनिणीचं नाव सिमोन, मिशाळ म्हाताऱ्याचं ओग्यूस्त. बाळ त्यांच्या मुलाचं. बेरिल दारातच ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “लेनी, शब्दन् शब्द सांग.” मी माझ्या शाळेतल्या फ्रेंचमध्ये सांगितलं, “बाई, आम्ही तुमचे कोणी लागत नाही. आम्हाला हे हॉटेल वाटलं.”

सिमोन आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ॲप्रन तोंडावर धरला, मग ती खुर्चीवर बसली, आणि मग हसता हसता तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. तिने ओग्यूस्तला हाक मारली. कळलं ते असं की रविवारपासून नवरा-बायकोचं याच्यावरूनच भांडण चाललं होतं. सिमोनचं म्हणणं, ही इंग्लिश माणसं म्हणजे ओग्यूस्तच्या लढाईतल्या दोस्ताची मुलंबाळं. ओग्यूस्तचं म्हणणं, ती सुनेच्या मावशीकडची, कारण एवढं खाणारी माणसं फक्त त्याच बाजूला आहेत.

बेरिलने नॅपकिनचं सांगायला लावलं. चुटकी वाजवून दाखवली आणि स्वतःच्या हातावर चापट मारली. सिमोनने तिला जवळ घेतलं.

ओग्यूस्त मात्र जरा हिरमुसला. “तो उंच माणूस आमचा नाही?” त्याने मला विचारलं. “बाळ त्याच्या हातात रडलं नाही. माझ्या हातात रडतं.” मग तो बाहेर गेला. खिडकीतून आम्हाला दिसत होतं: त्याने गाडीची काच वाजवली. विल्फने काच खाली केली नाही. ओग्यूस्तने सरळ दार उघडलं, विल्फचा दंड धरला आणि त्याला घरामागे घेऊन गेला. तिथे त्याची सफरचंदाच्या दारूची पिंपं होती. तासाभराने दोघे परत आले तेव्हा दोघांचीही नाकं लाल होती आणि विल्फ ओग्यूस्तला, जमिनीवर काटक्या मांडून, नव्वद गाड्यांच्या जागेत शंभर कशा बसवायच्या ते समजावून देत होता.

बेरिलने त्याच्याकडे पाहिलं. “तुला चहा हवाय का?” तिने विचारलं. दीड दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती. चहा त्या घरात नव्हताच.

न्यूहेवनला परतल्यावर विल्फने दोस्तांच्या बंदरातल्या अड्ड्यावर सगळं खरं सांगून टाकलं. बावीस वर्षांत पूल ओलांडला नव्हता, खानावळ नव्हतीच, परक्यांच्या बारशात जेवून आलो. कुणी विश्वास ठेवला नाही. “काय थापा मारतोस,” त्याचे दोस्त म्हणाले. “ते मिशीवाल्या मालकाचं सांग.”

त्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, विल्फने संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, “मिस्टर एकहर्स्ट, तुमचे उच्चार उत्तम आहेत, पण समोरचा माणूस बहिरा नाही.” दोस्तांनी सोडायला सांगितलं तरी त्याने वर्ग सोडला नाही.

पुढच्या जूनमध्ये सिमोनचं पत्र आलं. आम्ही येतोय. आले ते दोन गाड्यांतून अकरा जण, बाळासकट. आमच्या बेरिलचं घर ते केवढंसं! शेजाऱ्यांची टेबलं आणून मागच्या अंगणात मांडली, खुर्च्या चॅपेलमधून आल्या. बेरिलने दोन दिवस आधीपासून कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. भाजलेलं मटण, पुदिन्याची चटणी, बटाटे, मटार, आणि सगळ्यावर ग्रेव्ही. ओग्यूस्तने चटणी चाखली, डोळे मोठे केले आणि फार अदबीने विचारलं की हे जेवणात घ्यायचं असतं की अंगाला लावायचं.

जेवण वाढून झाल्यावर विल्फ उठून उभा राहिला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिवाळाभर बसवलेलं स्वागताचं भाषण त्याने फ्रेंचमध्ये, अजिबात न ओरडता म्हटलं. चार लांबलचक वाक्यं होती, आणि ती इतक्या हळू आवाजात होती की टेबलापलीकडे एकाही पाहुण्याला काही कळलं नाही. तो बसल्यावर ओग्यूस्त उठला. त्यानेही हिवाळाभर मुलाकडून इंग्लिश शिकून घेतलं होतं. त्याने मिशा पुसल्या, खिशातून कागद काढला आणि पाच मिनिटं बोलला. आमच्यापैकी कुणाला एक अक्षर कळलं नाही. दोघांनी एकमेकांचे हात धरले. दोघेही भारावून गेले होते.

“सुंदर बोललात दोघंही,” बेरिल म्हणाली. “आता बटाटे गार व्हायच्या आत खा.”

आईने आपली ताटली आधीच पुढे केली होती.